स्मार्ट दिवे : बॅटरी किती टिकते, भरवसा किती धरावा?

‘स्मार्ट होम’ हा शब्द आता आपल्या शिरपूरलाही नवा राहिलेला नाही. गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलं की काउंटरवरच मोबाइलवर चालणारा बल्ब, माणूस जवळ आला की आपोआप लागणारा सेन्सर लाइट, भिंतीला नुसता चिकटवायचा बिनतारी स्विच असं सगळं मांडलेलं दिसतं. खोक्यावर दोन आकडे मोठ्या अक्षरात छापलेले असतात. एक, दिवा किती तास चालेल. दुसरा, बॅटरी किती टिकेल. हे आकडे खोटेच असतात असं मी म्हणणार नाही. पण ते कुठल्या परिस्थितीत मोजले हे बहुधा लिहिलेलं नसतं, आणि ती परिस्थिती मे महिन्यातल्या खान्देशाची नसते एवढं नक्की. या लेखात हेच आकडे आपल्याकडच्या उन्हाला आणि आपल्याकडच्या ‘लाइट गयी रे भो!’ला लावून पाहायचे आहेत. गणित बारावीच्या पलीकडचं नाही, तेव्हा सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या मित्रांनी पान उलटू नये ही विनंती.

मला या विषयात शिरायला घरचं कारण मिळालं. तालुक्यातल्या आमच्या गावी आजी राहते. न्हाणी आणि संडास मागच्या अंगणात, घरापासून पंधरा-वीस पावलांवर. रात्री तिला दोनदा तरी उठावं लागतं. बाबा म्हणाले, “तू इलेक्ट्रॉनिक्सचा आहेस ना? मग असा दिवा बघ, जो तिला लावावा लागणार नाही आणि सेल बदलायला मला दर महिन्याला गावी जावं लागणार नाही.” साधी मागणी! पण आमच्याकडे पावसाळ्यात अंगणात विंचू निघतात, आणि म्हाताऱ्या माणसाचं एकदा खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं. अशा ठिकाणी दिवा न लागणं ही गैरसोय नसते, तो धोका असतो. रात्रपाळीच्या विजेवर केळीला किंवा कपाशीला पाणी भरायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या बॅटरीचंही तसंच आहे. म्हणून सुंदर ॲप, एक कोटी साठ लाख रंग वगैरे गोष्टी मी बाजूला ठेवल्या आणि दोनच प्रश्न घेतले. बॅटरी किती टिकेल? आणि ऐन वेळी दिवा लागेल का?

आपल्या भागात बॅटरीच्या दिव्याचा इतिहास तसा जुनाच आहे. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती अशा कंपन्या झाल्या, आणि पुढची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनात काढली. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र धडधडत असायचं आणि शेजारच्या गावांत कंदील! त्या काळातल्या हॉस्टेलवाल्यांना सहा व्होल्टची जड बॅटरी असलेला, बारीक ट्यूबचा इमर्जन्सी लाइट आठवत असेल. नंतर एलईडी आला. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या उजाला योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. दिवा स्वस्त झाला, कमी वीज खाऊ लागला, आणि म्हणूनच तो छोट्या सेलवर चालवणं शक्य झालं. आजचे स्मार्ट दिवे याच पायावर उभे आहेत.

एका मायक्रोअँपचं वर्ष

आता हिशोबाकडे वळू. वर्षात ८७६० तास असतात. म्हणजे एखादं सर्किट झोपेतही १ मायक्रोअँप करंट घेत असेल तर वर्षाला ८.७६ एमएएच, म्हणजे ढोबळमानाने ९ एमएएच खर्च होतात. हा एक आकडा पाठ केला तरी निम्मं काम झालं. दुकानात उभ्या उभ्या हिशोब करता येतो.

बिनतारी स्विचमध्ये बहुतेक वेळा सीआर २०३२ हा बटन सेल असतो. त्याची क्षमता सुमारे २२० एमएएच. झिगबी पद्धतीच्या स्विचमधली चिप झोपेत साधारण १ मायक्रोअँप घेते. उदाहरणार्थ सीसी २५३० ही प्रोजेक्टवाल्यांच्या ओळखीची चिप घ्या. झोपेत १ मायक्रोअँप, ऐकताना २४ मिलीअँप, बोलताना २९ मिलीअँप. बटन दाबल्यावर निरोप पाठवणं आणि पोच घेणं यात, जरा सैल हाताने, ५० मिलीसेकंद ३० मिलीअँप गेले असं धरू. रोज २० वेळा बटन दाबलं तर वर्षाला ३ एमएएच. झोपेचे ९ मिळवले की १२. म्हणजे २२० एमएएचचा सेल अठरा वर्षं चालायला हवा!

पण कंपनी तर दोन-तीन वर्षंच सांगते. कंपनीला एवढी नम्रता कुठून आली? तर याला कारणं आहेत. एक, स्विच अधूनमधून जागा होऊन ‘माझ्यासाठी काही निरोप आहे का’ असं विचारतो, तो खर्च आपण धरलाच नाही. दोन, सेल स्वतःच हळूहळू उतरतो. आणि तिसरं, जे परीक्षेत कोणी विचारत नाही पण प्रत्यक्षात स्विच बंद पाडतं, ते म्हणजे सेलचा अंतर्गत रोध. नव्या बटन सेलचा रोध कमी असतो, पण सेल उतरत गेला की तो वाढतो. समजा तो ४० ओहम झाला. ३० मिलीअँपचा झटका घेतला की १.२ व्होल्ट आतच पडले. ३ व्होल्टचे राहिले १.८, आणि आपल्या चिपला किमान २ व्होल्ट लागतात. सेलमध्ये अजून जीव असतो, मल्टिमीटर लावला तर २.९ दाखवतो, पण बटन दाबलं की चिप गप्प. दुकानदार म्हणतो सेल चांगला आहे, आपण म्हणतो स्विच खराब आहे. दोघंही बरोबर मोजत नसतात. सेल नेहमी लोडवर तपासावा.

याच्या तुलनेत वाय-फाय पाहा. ईएसपी ८२६६ ही चिप २०१४ पासून आपल्या सगळ्यांच्या मिनी प्रोजेक्टमध्ये आहे. वाय-फाय चालू ठेवून ती ७० मिलीअँपच्या आसपास घेते. २००० एमएएचची बॅटरी सव्वा दिवसात संपली. गाढ झोपेत ती २० मायक्रोअँपपर्यंत खाली येते, पण झोपलेला बल्ब मोबाइलचा हुकूम ऐकणार कसा? म्हणून वाय-फायचा दिवा विजेच्या पॉइंटवरच बरा. बॅटरीवरच्या वस्तूवर ‘वाय-फाय’ आणि ‘दोन वर्षं बॅटरी’ असं एकत्र छापलेलं दिसलं तर ती दिवसातून किती वेळा जागी होते हे आधी विचारा.

एक प्रकार असाही आहे की ज्यात बॅटरीच नाही. बटन दाबायला आपण जो जोर लावतो, त्यातून लहानसा चुंबक कॉइलजवळ झटकन हलतो आणि तेवढ्या विजेवर एक निरोप जातो. जर्मनीत २००१ मध्ये सीमेन्समधून वेगळी निघालेली एनओशन ही कंपनी यात आघाडीवर राहिली. फॅरडेचा नियम आपण पहिल्या वर्षाला घोकतो, तो इथे बोटाखाली टक् असा वाजतो. मला विचाराल तर बिनतारी स्विचमध्ये हा सर्वात भरवशाचा प्रकार. फक्त महाग आहे, आणि आपल्याकडच्या दुकानात सहजी मिळत नाही.

लाइट जाते तेव्हा सेलचं काय होतं?

आता जी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते ती. बॅटरीवरच्या स्विचला लाइट जाण्याचा काय फरक पडणार, असं आपल्याला वाटतं. पण फरक पडतो, आणि मोठा पडतो.

झिगबीचा स्विच एकटा नसतो. तो जवळच्या, कायम विजेवर असलेल्या एखाद्या बल्बला किंवा हबला ‘पालक’ मानून त्याच्याशी बोलतो. लाइट गेली की पालक गायब. मग स्विच त्याला शोधू लागतो. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात झिगबीचे १६ चॅनल आहेत, ते एकेक करून ऐकायचे, आणि ऐकणं हे झोपेपेक्षा २४ हजार पट महाग! समजा एखादं उपकरण दर ३० सेकंदांनी २ सेकंद असा शोध घेतं. सरासरी १.६ मिलीअँप झाले. आठ तास लाइट गेली तर १२.८ एमएएच. वर जो आपण आख्ख्या वर्षाचा खर्च काढला होता, तेवढा एका दिवसात गेला. अशा सतरा-अठरा दिवसांत... पुढचं सांगायला नको.

चांगल्या कंपन्या यावर उपाय करतात. पहिल्यांदा ३० सेकंदांनी शोध, मग एका मिनिटाने, मग पाच, मग अर्ध्या तासाने, असं अंतर वाढवत नेतात. पण हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. ज्या देशात वर्षातून काही मिनिटंच वीज जाते तिथे बनवलेल्या वस्तूला हा प्रश्न सुचतही नाही. तेव्हा घरी हब बसवलाच तर हब आणि राउटर हे दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. दोघं मिळून दहा-पंधरा वॅटच्या वर सहसा जात नाहीत, पण त्यामुळे घरातले सगळे छोटे सेल वाचतात. हॉस्टेलमध्ये आणखी एक भानगड असते. प्रत्येक रूममध्ये दोन-तीन हॉटस्पॉट, आणि वाय-फायही त्याच २.४ च्या पट्ट्यात. त्या गोंगाटात स्विचचा निरोप पहिल्या फटक्यात पोचत नाही, तो पुनःपुन्हा पाठवतो, आणि सेल उतरतो.

सेन्सर लाइट : घरी तीन महिने, कॉरिडॉरमध्ये आठ दिवस

तीन बारीक सेलवर चालणारा सेन्सर लाइट तुम्ही पाहिला असेल. सेन्सर आणि त्याची चिप मिळून साधारण ५० ते ६५ मायक्रोअँप घेतात. ६० धरा. वर्षाला ५२५ एमएएच, आणि रिमोटच्या बारीक अल्कलाइन सेलची क्षमता हजाराच्या आसपास. म्हणजे दिवा एकदाही लागला नाही तरी वर्षात निम्मा सेल गेला. आता दिवा १०० मिलीअँप घेतो आणि एकदा लागला की ३० सेकंद जळतो असं समजू. एका वेळेला ०.८३ एमएएच. घरी रात्रीतून दहा वेळा लागला तर झोपेचा खर्च धरून दिवसाला पावणेदहा एमएएच, म्हणजे शंभर दिवस. तोच दिवा आपल्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये लावा. सबमिशनच्या आठवड्यात रात्री दीडशे वेळा तरी माणूस ये-जा करतो! सव्वाशे एमएएच रोज. आठ दिवसांत सेल संपले. दिवा तोच, सेल तेच, आणि दोन्ही ठिकाणचे लोक त्याच्याबद्दल अगदी उलट मत देणार. ‘बॅटरी किती टिकते’ याचं उत्तर दिव्यात कमी आणि दिव्यासमोरून जाणाऱ्या माणसांत जास्त असतं.

या पीआयआर सेन्सरचा एक गुण खान्देशात दोष होतो. तो माणूस ओळखत नाही, तो उष्णतेतला फरक ओळखतो. कातडीचं तापमान साधारण ३२ ते ३५ अंश. हिवाळ्यात मागची भिंत १५ अंशांवर असते, त्यामुळे माणूस लांबूनही ‘दिसतो’. मे महिन्यात दिवसभर ४४-४५ अंशात तापलेली भिंत रात्रीही ३५-३६ ला असते. पत्र्याच्या घराची तर बातच सोडा. भिंत आणि माणूस एकाच तापमानाला आले की सेन्सर जवळजवळ आंधळा होतो. खोक्यावरचे पाच मीटर मग दीड-दोन मीटरवर येतात. धाब्याच्या घरात फरक थोडा बरा राहतो, कारण मातीची जाड भिंत आतून सावकाश तापते. आपल्या पूर्वजांनी सेन्सरसाठी घर बांधलं नव्हतं, पण उपयोग झाला.

यावर उपाय म्हणून काही जण मायक्रोवेव्ह रडारचा सेन्सर सुचवतात. त्याला उष्णतेशी घेणंदेणं नाही. पण आरसीडब्ल्यूएल ०५१६ हे स्वस्त मॉड्यूल सतत २.८ मिलीअँप घेतं. दिवसाला ६७ एमएएच. बारीक सेल पंधरा दिवसांत खलास. शिवाय त्याच्या लहरी विटेच्या पातळ भिंतीतून आरपार जातात, म्हणजे शेजारच्या रूममधला पार्टनर कुशीवर वळला तरी आपला दिवा लागतो. विजेवरच्या दिव्यासाठी ठीक, सेलवरच्यासाठी नाही.

चार तास चालणारा नऊ वॅटचा बल्ब?

इन्व्हर्टर बल्ब हा सध्या खेड्यापाड्यात सर्वात जास्त खपणारा ‘स्मार्ट’ दिवा आहे असं मला वाटतं, जरी त्याला कोणी स्मार्ट म्हणत नसलं तरी. आत ३.७ व्होल्टचा, साधारण २२०० एमएएचचा लिथियम सेल. गुणाकार केला की ८.१ वॅट-अवर. बल्ब ९ वॅटचा आणि बॅकअप ४ तास, असं खोक्यावर. आता ८.१ ला ४ ने भागा. दोन वॅट! म्हणजे लाइट गेल्यावर नऊ वॅटचा बल्ब दोन वॅटचा होतो. जेवायला, उठायला-बसायला दोन वॅट पुरतात, अभ्यासाला पुरत नाहीत. यात फसवणूक नाही, पण हे भागाकार करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

हा बल्ब हातात धरून टोकाच्या दोन्ही टिकल्यांना बोट लावलं की लागतो, हा खेळ हॉस्टेलमध्ये सगळ्यांनी केलेला आहे. त्यातच त्याची अक्कल आहे. लाइट गेली आणि स्विच चालू असला तर बल्बला घरातल्या इतर उपकरणांमधून फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये एक रस्ता सापडतो. स्विच बंद असला तर रस्ता तुटलेला. रस्ता आहे पण वीज नाही, म्हणजे लाइट गेली, असा तो निष्कर्ष काढतो. आपलं बोट म्हणजेही एक रस्ताच. त्यामुळे घरातलं बाकी सगळं बंद असेल आणि मेन स्विचही खाली ओढलेला असेल, तर कधीकधी हा बल्ब स्विच चालू असूनही लागत नाही. बिघाड नसतो, त्याला रस्ता दिसत नसतो. बाकीचं काही तरी एक जोडलेलं ठेवा.

४२ अंशांचा हिशोब

आता उन्हाकडे येऊ. रासायनिक क्रियेचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो, हा अऱ्हेनियसच्या नियमातून आलेला ढोबळ ठोकताळा. क्रिया दुप्पट म्हणजे आयुष्य निम्मं. खोक्यावरचे आकडे २५ अंशांचे असतात. आपल्या खोलीत एप्रिल-मेमध्ये दुपारी ४२ म्हणजे १७ अंश जास्त.

बल्बच्या बाबतीत एलईडी स्वतः सहसा मरत नाही. २५,००० तास म्हणजे तेवढ्या तासांनी उजेड ७० टक्क्यांवर येतो, इतकंच. मरतो तो त्याच्या मागचा ड्रायव्हर, आणि त्यातही बहुधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यावर ‘१०५ अंश, २००० तास’ असं लिहिलेलं असतं. बल्बच्या पोटात तो ८५ अंशांवर बसला असेल तर दोनदा दुप्पट, ८००० तास. रोज सहा तास दिवा जळला तर साडेतीन वर्षं. बाहेर १७ अंश वाढले की आतही वाढतात. आयुष्य राहतं २,५०० तासांच्या आसपास, सव्वा वर्षापेक्षाही कमी. बारा महिने ४२ अंश नसतात हे खरं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा या दोहोंच्या मध्ये पडेल. पण पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात बसवलेला स्मार्ट बल्ब लवकर का जातो हे यावरून समजावं. स्मार्ट बल्बमध्ये तर दिवा बंद असतानाही रेडिओ जागा असतो, ड्रायव्हर चोवीस तास कामावर. अर्धा वॅट जरी धरला तरी वर्षाला सव्वाचार युनिटच्या वर.

लिथियम सेलला दोन गोष्टी सोसत नाहीत. उष्णता आणि पूर्ण भरलेलं पोट. २५ अंशांत पूर्ण चार्ज करून वर्षभर ठेवला तर क्षमता साधारण ८० टक्क्यांवर येते, ४० अंशांत ६५ टक्क्यांवर. तोच सेल ४० टक्के चार्जवर ठेवला तर ४० अंशांतही ८५ टक्के उरते. आता इन्व्हर्टर बल्बचा विचार करा. सेल कायम पूर्ण चार्ज, आणि बाजूलाच गरम एलईडी! दोन्ही वाईट गोष्टी एकाच टोपीखाली. म्हणून दीड-दोन वर्षांत चार तासांचा बॅकअप दीड तासावर येतो. हा बल्ब रोज पाच-सहा तास जळणाऱ्या पॉइंटला लावू नये, जिन्यात किंवा ओट्यावर कमी वापराच्या जागी लावावा. आणखी एक, लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा नियम आहे. पत्र्याखाली दुपारी चार्जिंगला लावलेला दिवा हा नियम रोज मोडतो. पहाटे चार्ज करा.

जुन्या लेड-ॲसिड बॅटरीचा स्वभाव याच्या उलट. तिला रिकाम्या पोटी ठेवलं की सल्फेट जमून ती मरते. तिला भरलेलीच ठेवावी लागते.

साखळी आणि तिच्या कड्या

रिलायबिलिटीच्या विषयात शिकवतात की कड्या एकापुढे एक असतील तर भरवशाचा गुणाकार होतो. मोबाइल, राउटर, इंटरनेट, कंपनीचा सर्व्हर, बल्ब. प्रत्येक कडी ९९ टक्के चांगली धरली तरी ०.९९ चा पाचवा घात ०.९५१. म्हणजे वर्षातले मिळून अठरा दिवस दिवा हुकूम ऐकणार नाही. आणि कंपनीचा सर्व्हर तर कायमचाच जाऊ शकतो. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा हब मे २०१६ मध्ये कंपनीने बंद केला आणि लोकांच्या घरातली चालू उपकरणं शोभेची झाली. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर असेच अचानक थंडावले. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या मानकात घरातल्या घरात, इंटरनेटशिवाय हुकूम चालतो. घेताना ते चिन्ह पाहावं, पण त्याहून आधी एक पाहावं : भिंतीवरच्या साध्या बटनाने दिवा लागतो की नाही. आपल्याकडे तर घरातली मोठी माणसं झोपताना सवयीने सगळी बटनं बंद करतात. बटन बंद म्हणजे स्मार्ट बल्ब मेला. तेव्हा स्मार्टपणा बल्बमध्ये असण्यापेक्षा बोर्डात असणं आपल्या घरांना जास्त मानवतं. आपल्या बोर्डात बहुधा प्लगचा सॉकेट असतो, त्यामुळे तिथे न्यूट्रल वायर आलेली असते. बोर्डात मॉड्यूल बसवायचं काम वायरमनला त्यामुळे सोपं जातं.

भरवशाचं आणखी एक अंग पुस्तकात थोडंच येतं. बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार? सातपुड्यापलीकडच्या खरगोन जिल्ह्यातले, तेव्हा आयआयटी मुंबईत प्राध्यापक असलेले चेतनसिंह सोळंकी यांच्या पुढाकाराने ‘सोल’ म्हणजे सोलर ऊर्जा लॅम्प हा प्रकल्प झाला. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान आणि ओडिशातल्या शाळकरी मुलांपर्यंत १० लाख अभ्यासाचे दिवे पोचवले गेले. यातली मला आवडलेली गोष्ट ही की दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती गावातल्याच माणसांना शिकवली. सेल निकामी झाला तर तो बदलून देणारा माणूस जवळ असला, की त्या दिव्याचं आयुष्य सेलच्या आयुष्यापेक्षा मोठं होतं. आपल्या बाजारातले निम्मे सेन्सर लाइट तर उघडतच नाहीत, डिंकाने बंद केलेले असतात. सेल गेला की दिवा कचऱ्यात. मी दुकानात आता पहिल्यांदा मागचे स्क्रू शोधतो.

मग आजीसाठी काय केलं?

अंगणात अर्ध्या वॅटचा झिरोचा एलईडी बल्ब संध्याकाळी लावायचा, सकाळी बंद करायचा. जुना झिरोचा बल्ब नावाला झिरो, खायचा पंधरा वॅटच्या आसपास. हा अर्धा वॅट रोज बारा तास, वर्षाला सव्वादोन युनिटही नाहीत. ज्या सेन्सरने वीज वाचवायची त्याची गरजच संपली. आणि त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, तीन पेन्सिल सेलचा, स्क्रूने उघडणारा सेन्सर लाइट. या सेन्सर लाइटला उजेड ओळखणारा एलडीआर असतो, आजूबाजूला उजेड असला की तो दिवा लावत नाही. म्हणजे लाइट आहे तोवर झिरोचा बल्ब त्याला झोपवून ठेवतो. लाइट गेली की अंधार होतो आणि सेन्सर लाइट कामावर येतो. दोन स्वस्त वस्तू, मध्ये वायर नाही, प्रोग्रॅम नाही. फक्त झिरोचा उजेड एलडीआरवर नीट पडतो का, हे एकदा अंधारात उभं राहून पाहावं लागतं.

हिशोब असा : झोपेचा खर्च वर्षाला ५२५ एमएएच, पेन्सिल सेलची क्षमता दोन-अडीच हजार. लाइट गेलेल्या रात्रींचा खर्च धरूनही वर्षाला सेल पुरतात. दर दिवाळीला घरी गेलो की सेल बदलायचे, उतरलेले असोत वा नसोत. मे महिन्यातल्या आंधळ्या सेन्सरसाठी दिवा गुडघ्याच्या उंचीवर, न्हाणीच्या वाटेला आडवा लावला आहे, कारण पीआयआरला समोरून येणारं माणूस उशिरा दिसतं, आडवं जाणारं लगेच दिसतं. आजीला यातलं काही सांगावं लागलं नाही, हे मला सर्वात बरं वाटलं.

ज्यांना स्वतः मोजून पाहायचं असेल त्यांच्यासाठी एक युक्ती. झोपेतला करंट मोजायला मल्टिमीटर मायक्रोअँपवर लावून सिरीजमध्ये जोडला की बऱ्याचदा सर्किट सुरूच होत नाही, कारण सुरुवातीचा झटका मिलीअँपमध्ये असतो आणि मीटरच्या आतच व्होल्टेज पडतं. म्हणून मीटरच्या दोन टोकांमध्ये एक साधी वायर शॉर्ट करून ठेवा, दिवा सुरू होऊन झोपू द्या, आणि मग वायर काढा. आकडा स्थिर झाला की त्याला ८.७६ ने गुणा, वर्षाचे एमएएच मिळाले. लॅबमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

आणि उन्हाळ्याच्या सुटीत रूम बंद करून घरी जाण्यापूर्वी : लिथियमचे टॉर्च, पॉवर बँक, टेबल लॅम्प अर्धे चार्ज करून कपाटात सर्वात खालच्या खणात ठेवा, खिडकीत नको. जुना सहा व्होल्टवाला इमर्जन्सी लाइट असेल तर तो पूर्ण चार्ज करून ठेवा. सेन्सर लाइट आणि रिमोटमधले सेल काढून ठेवा, नाहीतर जूनमध्ये परत येईपर्यंत ते गळून आतल्या पट्ट्यांवर पांढरी पावडर चढते. चढलीच तर लिंबाच्या रसाचा बोळा फिरवून, कोरडं करून पाहा, बऱ्याचदा पट्टी पुन्हा चालू होते.